कै. शेठ वालचंद हिराचंद : व्यापारी संस्था आणि तिची गंगाजळी

ज्या पुरुषांच्या कर्तृत्वाने आपल्या लहानशा हुंबड ज्ञातीचे नाव देशभर झाले, त्यांत शेठ वालचंद हिराचंद यांचे स्थान अग्रभागी आहे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया आपल्या देशात घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते आणि ती सांगताना त्यांच्या कारखान्यांची नामावळी आदराने उच्चारली जाते. परंतु त्यांनी १९२७ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो. २०२७ हे त्या संस्थेच्या शताब्दीचे वर्ष होय. नाशिकसारख्या ठिकाणी व्यापार-धंदा करणाऱ्या आणि लहानमोठ्या व्यापारी मंडळांचा कारभार वाहणाऱ्या आमच्या वाचकांना त्या एका ओळीतच अधिक शिकण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून शेठजींचे चरित्र या लेखात आम्ही त्या बाजूने सांगत आहोत.

शेठजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. पोटापाण्यासाठी दक्षिणेत आलेले हे कुटुंब सोलापुरात कापूस, कापड व सावकारी या धंद्यांत स्थिरावले आणि मराठी मुलखाशी एकरूप झाले. वडील हिराचंद नेमचंद हे केवळ पेढीवर बसणारे गृहस्थ नव्हते. ‘जैनबोधक’ हे पत्र चालवून त्यांनी समाजात विद्येचा व सुधारणेचा प्रसार केला. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातोश्रींचा अंत झाला. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण सोलापुरात, पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज असा विद्यार्थिदशेचा प्रवास झाला. पण पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या धंद्यात लक्ष घालावे लागले.

आरंभीच्या काळात धान्याच्या व्यापारात त्यांना ठोकर बसली. पिढीजात धंद्यात त्यांचे मन रमले नाही. पुढे लक्ष्मणराव बळवंत फाटक या गृहस्थांशी त्यांची गाठ पडली. रेल्वेतील कारकुनी सोडून फाटक बांधकामाच्या ठेक्यांकडे वळले होते. अनुभव त्यांच्यापाशी होता, भांडवल वालचंदांच्या घराण्यापाशी. फाटक-वालचंद ही भागीदारी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून नावारूपास आली. एक जैन व्यापारी आणि एक ब्राह्मण कारकून यांनी मिळून ठेकेदारीत इंग्रज कंपन्यांसमोर उभे राहावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. ज्ञातीचा अभिमान बाळगावा, परंतु धंद्यात माणूस पारखून घ्यावा, हा शेठजींचा स्वभाव येथेच दिसून येतो. पुढे १९२० साली टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा जन्म झाला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ, सिंधूवरील व इरावतीवरील पूल अशी अवघड कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली.

शेठजींच्या आयुष्याला खरे वळण लागले ते जहाजांच्या धंद्यामुळे. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी युद्धकाळात रुग्णालयासाठी घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले. शेठ नरोत्तम मोरारजी, शेठ किलाचंद देवचंद आणि सर लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून विलायतेस निघाले. हा दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु पुढचा मार्ग सुखाचा नव्हता. किनाऱ्यावरील वाहतूक ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती आणि तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप हे सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ होते. देशी कंपनीने बंदरात पाऊल टाकताच त्यांनी भाड्याचे दर पाडले. ज्याची थैली मोठी त्याने तोटा सोसून प्रतिस्पर्ध्यास दमवावे, हा दरयुद्धाचा जुना नियम आहे. अखेर १९२३ साली सिंदिया कंपनीस दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यान्वये कंपनी जिवंत राहिली, पण तिच्या वाढीस मर्यादा पडली.

या अनुभवाने शेठजींची एक गोष्टीविषयी पक्की खात्री झाली असावी, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून दिसते. ज्या प्रतिपक्षामागे राज्यसत्ता उभी आहे, त्याच्याशी एकटा व्यापारी केवळ आपल्या पैशाच्या जोरावर टिकू शकत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागतो, आणि कायदा बदलण्यासाठी पुष्कळांचा एक आवाज असावा लागतो. १९२८ साली श्री. साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारपट्टीची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले, तेव्हा त्यामागे हाच विचार होता. परकी अमदानीत ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. तथापि त्या मागणीमागे व्यापारी संस्थांचे बळ उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर ते धोरण मान्य झाले.

याच सुमारास महाराष्ट्र चेंबरची स्थापना झाली. त्या वेळची स्थिती ध्यानात घेतल्यावाचून या कार्याचे मोल कळणार नाही. मुंबईत युरोपियन व्यापाऱ्यांची बाँबे चेंबर १८३६ पासून होती. देशी व्यापाऱ्यांची इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ साली निघाली होती आणि तिच्या कार्यातही शेठजींचा मोठा वाटा होता. परंतु मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राचे काय? नाशिकचा भांड्यांचा कारखानदार, येवल्याचा पैठणीचा व्यापारी, मालेगावचा कापडवाला, सिन्नरचा विडी-कारखानदार, लासलगावचा कांद्याचा आडतदार, सांगलीचा हळदीचा पेढीवाला, सोलापूरचा चादरवाला, या सर्वांना रेल्वेचे भाडे, जकात, वखारी व हुंडणावळ यांच्या अडचणी रोज सोसाव्या लागत. परंतु त्या मांडण्यासाठी त्यांचे असे व्यासपीठ नव्हते. १९२७ सालीच सरकारने रुपयाचा भाव दीड शिलिंगावर कायम केला आणि त्यामुळे शेतमालाच्या निर्यातीस धक्का बसतो अशी देशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. दिल्लीत व लंडनमध्ये होणाऱ्या असल्या निर्णयांची झळ अंतर्भागातील बाजारपेठांना लागे, आणि त्यांना विचारणारे कोणीच नसे. हे उणे भरून काढणे हा चेंबरच्या स्थापनेमागचा हेतू होता. शेठजी तिचे संस्थापक आणि आरंभीच्या काळातील अध्यक्ष होते. पुढे १९३२-३३ साली ते अखिल भारतीय व्यापारी महासंघाचेही अध्यक्ष झाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे शेठजींनी सुमारे १,५०० एकर जमीन घेतली. खडकाळ, माळरानाची ही भूमी ऊस पिकवील असे कोणास वाटले नव्हते. जमीन सपाट करून, पाण्याची व खतांची व्यवस्था लावून त्यांनी तेथे मळा उभा केला आणि १९३३ साली रावळगाव शुगर फार्म या कंपनीची स्थापना झाली. पुढल्या दशकात तेथे गोळ्या-मिठाई तयार होऊ लागली आणि रावळगावचे नाव पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या तोंडी राहिले. पुणे जिल्ह्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले तेही याच दशकात. नाशिक जिल्ह्याशी त्यांचे आणखी एक नाते आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली त्याचा ताबा सरकारने घेतला. तीच कंपनी पुढे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स झाली आणि १९६४ साली तिचा मिग विमानांचा विभाग निफाड तालुक्यातील ओझर येथे सुरू झाला. शेठजी ते पाहण्यास हयात नव्हते; परंतु ओझरच्या आधाराने नाशिक परिसरात जे शेकडो कुशल कारागीर व लहान कारखानदार तयार झाले, त्यांच्या भाग्याचे एक मूळ शेठजींच्या साहसापर्यंत पोहोचते.

विशाखापट्टणम येथील जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात लोटले गेले. मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली निघाली. इतका व्याप सांभाळणारे शरीर अखेर थकले. पक्षाघाताच्या आजारानंतर १९५० साली शेठजी कामकाजातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांना अपत्य नव्हते. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

येथपर्यंतची हकीगत सर्वांस ठाऊक आहे. परंतु माणूस गेल्यावर त्याच्या मागे काय उरते, याचा हिशेब मांडल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन आणि वालचंदनगर इंडस्ट्रीज या कंपन्यांचे नाव आजही कायम आहे. विमानांचा व जहाजबांधणीचा कारखाना राष्ट्राच्या मालकीचा झाला. जिच्यासाठी शेठजींनी आयुष्याची तीस वर्षे वेचली, त्या सिंदिया कंपनीचा जहाजांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्जाच्या ओझ्याखाली खचत जाऊन लयास गेला. प्रीमियरच्या मोटारी रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. रावळगावच्या गोळ्यांचे नाव व त्यावरील हक्क २०२४ साली २७ कोटी रुपयांस रिलायन्स समूहातील कंपनीने विकत घेतले. आणि ज्या संस्थेपाशी ना जहाज होते, ना यंत्र, ना एकरभर जमीन, ती महाराष्ट्र चेंबर आपल्या नावात उद्योग व कृषी यांची भर घालून आजही उभी आहे. तिची शाखा नाशिकातही आहे.

यावरून कारखाने व्यर्थ आणि मंडळे श्रेष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कारखान्याने हजारो घरांना भाकरी दिली. मंडळ ते करू शकत नाही. कंपनी बुडण्याची कारणेही अनेक असतात: बाजार पालटतो, यंत्रे जुनी होतात, सरकारचे धोरण बदलते. परंतु एक भेद निश्चित आहे. कंपनीचे आयुष्य तिच्या भांडवलावर आणि चालकावर अवलंबून असते. व्यापारी संस्थेचे आयुष्य सभासदांची गरज आणि वर्गणीची शिस्त या दोन खांबांवर उभे असते. चालक गेला तरी हे दोन खांब राहू शकतात. मात्र ते आधीच रोवलेले असले पाहिजेत.

आणि येथेच आमच्या मनात काळजी उत्पन्न होते. आपल्या शहरात, तालुक्यांत आणि ज्ञातींत व्यापारी मंडळे, उद्योजकांचे संघ, सहायक निधी पुष्कळ निघतात. त्यांपैकी बहुतेकांचे चरित्र एकसारखे असते. एक उदार गृहस्थ पुढे येतो. कार्यालयाची जागा त्याची, कारकुनाचा पगार त्याचा, वार्षिक सभेचा अल्पोपाहारही त्याचाच. त्याच्या हयातीत मंडळ गाजते. तो गेला, किंवा त्याच्या धंद्यास मंदी आली, की दुसऱ्या वर्षी सभेची नोटीस निघत नाही. याचा दोष त्या दात्यावर येत नाही. इतरांनी त्याच्या औदार्यालाच संस्थेचे उत्पन्न मानले, ही खरी चूक होय.

दुसरा रोग आजीव सभासदत्वाचा आहे, आणि तो सहजासहजी लक्षात येत नाही. समजा, एखाद्या मंडळाने ५०० व्यापाऱ्यांकडून प्रत्येकी १,००० रुपये घेऊन त्यांना आजीव सभासद केले. जमा झाले ५ लाख रुपये. ही रक्कम कायम ठेवीत टाकली आणि तिला शेकडा ७ व्याज मिळाले, तर वर्षास ३५,००० रुपये येतील. पण तीच रक्कम सभागृहाच्या रंगरंगोटीत व एका थाटाच्या अधिवेशनात खर्च झाली, तर पुढील तीस वर्षे त्या ५०० जणांची सेवा रिकाम्या हातांनी करावी लागेल. त्यांच्याकडून पुन्हा वर्गणी मागता येत नाही, कारण ते आजीव आहेत. जी रक्कम जमेच्या बाजूस दिसली, ती वस्तुतः पुढील पिढीवरचे कर्ज होती.

तिसरी गोष्ट महागाईची. ठेवीस शेकडा ७ व्याज मिळाले आणि बाजारात वस्तू दरसाल शेकडा ६ ने महागल्या, तर खरी प्राप्ती शेकडा एकच राहते. शेकडा ६ च्या वाढीने सुमारे बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे ३५,००० रुपयांत आज जो कारकून नेमता येतो, तो बारा वर्षांनी नेमता येणार नाही. यासाठी व्याजाचा काही भाग दरसाल मुद्दलात मिळवीत राहणे आणि वर्गणीचा दर ठरावीक वर्षांनी वाढविणे अवश्य आहे. वर्गणी वाढविताना सभासद नाराज होतात, म्हणून पदाधिकारी तो विषय टाळतात. परंतु आज टाळलेली दहा रुपयांची नाराजी उद्या संस्थेच्या कुलुपाच्या रूपाने समोर येते.

जुन्या पेढ्यांवर गंगाजळी बाजूस काढण्याची पद्धत होती. नफा कितीही होवो, तिच्यातला ठरलेला वाटा आधी वेगळा ठेवायचा आणि अडल्याखेरीज त्यास हात लावायचा नाही. दुष्काळात किंवा हुंडी परत आल्यास तीच पेढीची अब्रू राखी. गोदेच्या काठी राहणाऱ्या आपणांस या शब्दाचा अर्थ समजावून सांगावयास नको. हीच रीत व्यापारी संस्थेने पाळावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. प्रवेश फी व आजीव वर्गणी कायम निधीत जावी आणि तिचे फक्त व्याज खर्चावे. रोजचा खर्च वार्षिक वर्गणीतून भागावा. निदान एका वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम राखीव असावी. एकाच दात्यावर संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार पडू देऊ नये. त्याचे अधिक देणे इमारतीकडे किंवा कायम निधीकडे वळवावे. हिशेब वेळेवर तपासून घ्यावा आणि तो सभासदांच्या हाती पडावा, कारण ज्या संस्थेचा ताळेबंद दिसत नाही, तिला वर्गणी देण्याचा उत्साह दोन वर्षांपलीकडे टिकत नाही.

आणि सेवा? तिच्यावाचून हे सारे व्यर्थ आहे. निर्यातीच्या मालाचे मूळ ठिकाण सांगणारा दाखला, कराच्या नव्या नियमांची समजूत, उधारीच्या तंट्यांत मध्यस्थी, नव्या पिढीस हिशेब-ठिशेबाचे शिक्षण अशी कामे जी संस्था करते, तिला सभासद शोधावे लागत नाहीत. सभासदाच्या वर्गणीचा मोबदला त्याच्या दुकानात दिसला पाहिजे.

अशाच एखाद्या स्मरणिकेस आमच्या बहुतेक वाचकांनी जाहिरात दिलेली असते. त्या उत्पन्नाचा मोठा भाग छपाईत व समारंभात संपून जातो. यापुढे प्रत्येक मंडळाने स्मरणिकेच्या शिलकेतून निदान चौथा हिस्सा कायम निधीत टाकण्याचा ठराव केला, तर दहा वर्षांत त्याचे फळ दिसू लागेल. हे काम मोठ्या दात्याचे नाही. पाचशे लहान दुकानदारांचे आहे.

शेठजींच्या मागे पुत्र नव्हता. ज्या कारखान्यांना त्यांनी लेकरांप्रमाणे वाढविले, त्यांतील कित्येक परक्या हाती गेले किंवा बंद पडले. पण लासलगावच्या आडतदारापासून सोलापूरच्या चादरवाल्यापर्यंत सर्वांनी मिळून ज्या संस्थेत बसावे अशी त्यांची इच्छा होती, तिचे दार उघडे राहिले. ते उघडे ठेवणारे हात पुष्कळ होते आणि त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. चेंबरच्या शताब्दीच्या निमित्ताने आपल्या ज्ञातीत शेठजींचे स्मरण होईलच. त्या वेळी प्रतिमेस हार घालण्यापूर्वी आपापल्या मंडळाच्या खजिनदारास कायम निधीत किती रुपये आहेत, हा एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.